कंट्री हाऊस की रोल विथ इट: जवळपास पाच लाख मतं नेमकी कशाला पडली?

दोन गाणी समोरासमोर ठेवायची आणि लोकांना विचारायचं, बोला, कुठलं भारी. हा खेळ आता इतका कॉमन झालाय की गाण्यांच्या कुठल्याही ग्रुपवर रविवारी सकाळी एक तरी पोल पडलेला असतोच, लता का आशा, खळे का हृदयनाथ, 'अप्सरा आली' का 'वाजले की बारा', आणि संध्याकाळपर्यंत एखादा रागावून ग्रुप सोडून गेलेला असतो. पण या खेळाची माझ्या मते सगळ्यात मोठी मॅच झाली ती १९९५ च्या ऑगस्टमध्ये, ब्रिटनमध्ये, आणि तिथे मत द्यायचं म्हणजे बटण दाबायचं नव्हतं, दुकानात जाऊन खिशातून पैसे काढायचे होते. ब्लर या बँडचं 'कंट्री हाऊस' आणि ओएसिसचं 'रोल विथ इट', दोन्ही सिंगल्स, म्हणजे मुख्यतः एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्ड, एकाच दिवशी, सोमवार १४ ऑगस्टला बाजारात आल्या. रविवारी २० तारखेला निकाल लागला: ब्लरच्या २ लाख ७४ हजार प्रती खपल्या, ओएसिसच्या २ लाख १६ हजार.

झालं, ब्लर जिंकलं. या एका आठवड्यावर आजवर ढिगाने लिहून झालंय, पण बहुतेक सगळं कोण जिंकलं, कोणी कोणाला शिव्या दिल्या यातच अडकतं. मला त्यातली मतमोजणी बघायचीय. मतं कशी मोजली गेली, मोजायची पद्धत जराशी इकडची तिकडे केली असती तर काय झालं असतं, आणि मुळात ही दोनच गाणी समोर का आली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको: त्या आठवड्यात मतदान जोरदार झालं, फक्त ते गाण्यांवर झालं असं मला वाटत नाही.

आधी काय झालं होतं

ब्लरचा गायक डेमन अल्बार्न आणि गिटारवाला ग्रॅहम कॉक्सन हे एसेक्समधल्या कोलचेस्टरचे शाळासोबती, पुढे लंडनला आले, कॉक्सन आणि बासवाला अ‍ॅलेक्स जेम्स गोल्डस्मिथ्स कॉलेजात होते, म्हणजे एकंदर आर्ट कॉलेजवाली, पुस्तकं वाचणारी, थोडी आगाऊ मंडळी. ओएसिस म्हणजे मँचेस्टरच्या बर्नेजमधले नोएल आणि लिअम गॅलाघर हे दोघे भाऊ आणि बाकीचे, आयरिश आईबापांची, सरकारी घरात वाढलेली पोरं. १९९४ मध्ये ब्लरचा 'पार्कलाइफ' आला, त्याच वर्षी ओएसिसचा पहिला अल्बम 'डेफिनेटली मेबी' आला, दोन्ही तुफान चालले, आणि तोपर्यंत दोघांचं एकमेकांशी काही वाकडं नव्हतं. १९९५ च्या फेब्रुवारीत ब्रिट अवॉर्ड्समध्ये ब्लरने एकदम ४ पारितोषिकं उचलली, ओएसिसला नवोदितांचं एक मिळालं, आणि सर्वोत्कृष्ट बँडचं बक्षीस घेताना डेमन स्टेजवरूनच म्हणाला की हे खरं तर ओएसिसबरोबर वाटून घ्यायला हवं होतं. इतकं गोड चाललेलं.

मग वसंतात ओएसिसचं 'सम माइट से' चार्टवर, म्हणजे दर आठवड्याच्या विक्रीच्या यादीत, थेट १ नंबरवर गेलं. ब्लरच्या कुठल्याही सिंगलला तोपर्यंत एकदाही १ नंबर मिळालेला नव्हता, हे लक्षात ठेवा. त्या यशाच्या पार्टीला डेमनही गेलेला, आणि त्याच्याच सांगण्यानुसार लिअम त्याच्या तोंडापाशी येऊन 'आम्ही १ नंबर' असं, मध्ये एक शिवी घालून, सुनावून गेला. डेमनच्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली म्हणे. आता एवढ्याश्या कारणावरून कोणी रिलीजची तारीख हलवतं का, तर दोन रेकॉर्ड कंपन्यांचं गणितही त्यात होतंच, समोरचा आधी येऊन १ नंबरवर बसला की आपलं गाणं त्याच्या सावलीत जाणार ही धास्ती होती. पण ब्लरच्या बाजूने तारीख हलली आणि नेमकी ओएसिसच्याच दिवशी आणून ठेवली गेली, हे आता सगळेच मान्य करतात.

एनएमई या साप्ताहिकाने १२ ऑगस्टच्या अंकाचं कव्हर बॉक्सिंगच्या पोस्टरसारखं काढलं, डेमन एका बाजूला, लिअम दुसऱ्या बाजूला, वर ब्रिटिश हेवीवेट चॅम्पियनशिप. तिथून ते वर्तमानपत्रांत गेलं आणि तिथून थेट बीबीसीच्या संध्याकाळच्या बातम्यांत. ज्यांनी कित्येक वर्षांत एक सिंगल विकत घेतली नव्हती त्यांनाही कळलं की या आठवड्यात आपण एक बाजू घ्यायचीय. आपल्याकडे तेव्हा केबलवर चॅनल व्ही नुकतंच आलेलं, पुढच्याच महिन्यात 'रंगीला' लागला आणि ऑक्टोबरात 'दिलवाले दुल्हनिया', त्यामुळे इकडच्या मोजक्या इंग्रजीवेड्या कॉलेजपोरांपलीकडे या भांडणाची धग कोणाला लागली असेल असं वाटत नाही. असो.

आता गाणी ऐकू

पोल लावणाऱ्याने सगळ्यात आधी हे करायला हवं आणि सहसा हेच कोणी करत नाही, म्हणून जरा रमतो इथे.

'कंट्री हाऊस'मागे एक खराखुरा माणूस आहे. ब्लरचं लेबल फूड रेकॉर्ड्स, त्यातले एक मालक डेव्ह बाल्फ यांनी धंदा सोडला आणि गावाकडे मोठं घर घेतलं, तर डेमनने त्यांच्यावरच गाणं रचलं. शहराला कंटाळलेला पैसेवाला, गावी जाऊन आराम करतोय, आणि तिथेही गोळ्या खातोच आहे. चाल उड्या मारणारी, मागे ब्रास म्हणजे पितळी वाद्यं, बाल्झाक या फ्रेंच लेखकाला प्रोझॅक या नैराश्यावरच्या गोळीचं यमक जुळवायचा वात्रटपणा. पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं जत्रेतलं गाणं आहे. पण मध्ये एक तुकडा येतो, सगळी गडबड मागे सरते, आवाजांचे थर एकावर एक चढत जातात, आणि त्या बंगल्यातला माणूस मला एवढं उदास का वाटतंय तेच कळत नाही अशा अर्थाचं गातो. गाण्यातला खरा माल तिथे आहे. तेवढ्यात परत ब्रास येतो आणि सगळे उड्या मारायला मोकळे. व्हिडिओ केला डेमियन हर्स्टने, तोच तो, फॉर्मलिनच्या टाकीत शार्क ठेवणारा, तोही गोल्डस्मिथ्सचाच, आणि त्याने बेनी हिल या जुन्या ब्रिटिश विनोदी नटाच्या धाटणीत बायकांच्या मागे पळापळ वगैरे करून ठेवली. ग्रॅहम कॉक्सनला हा व्हिडिओ आणि एकूणच तो प्रकार मनापासून नकोसा झाला होता हे पुढे जगजाहीर झालं. म्हणजे बघा, जिंकणाऱ्या बाजूचा गिटारवालाच जिंकणाऱ्या गाण्यावर खूश नाही.

'रोल विथ इट' त्याच्या बरोबर उलट. गोष्ट नाही, पात्रं नाहीत, यमकाची हुशारी नाही. आपण आपल्यासारखं राहावं, कोणाला आडवं येऊ देऊ नये, एवढाच निरोप, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिटारींची भिंत. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं. गाणं काय सांगतंय यापेक्षा लिअम ते कसं सांगतोय हे महत्त्वाचं, तो प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर असा ताणून, नाकातून, वाकडा करून सोडतो की साधं वाक्यही धमकी वाटावी. चाल मात्र जुनीच, डेमनने रेडिओवर त्याची स्टेटस क्वो या जुन्या बँडच्या गाण्याशी सांगड घालून टिंगल केली, तर नोएलने 'क्वोएसिस' लिहिलेला टी-शर्ट घालून ती अंगाखांद्यावर मिरवली. मला हे उत्तर गाण्यापेक्षा जास्त आवडतं.

टॉप ऑफ द पॉप्स या कार्यक्रमात ओठ हलवायचे आणि मागे रेकॉर्ड वाजणार अशी पद्धत होती. ओएसिस तिथे गेले आणि दोघा भावांनी जागाच बदलल्या, नोएल माइकवर उभा राहून गातोय असं दाखवतोय आणि लिअम गळ्यात गिटार अडकवून बोटं कुठेही फिरवतोय, आवाज अर्थात लिअमचाच. बघितलं नसेल तर शोधून बघा, लिअमचा चेहरा इतका गंभीर आहे की हसू आवरत नाही. आणि ब्लर जिंकल्यावर तिथे गेलं तेव्हा अ‍ॅलेक्स जेम्स ओएसिसचा टी-शर्ट घालून बास वाजवत होता. थोडक्यात, ज्यांच्यात भांडण होतं त्यांच्यातलेही काही जण मजा घेत होते, जीवावर उठलेले होते ते फॅन.

आता माझं मत. दोन्ही गाणी ठीकठाक आहेत. दोन्ही बँडच्या पहिल्या दहात मी यातलं एकही घालणार नाही. आणि हे फक्त माझं नाही, नोएलनेच नंतर सांगितलंय की ही लढत ओएसिसच्या 'सिगरेट्स अँड अल्कोहोल' आणि ब्लरच्या 'गर्ल्स अँड बॉइज' यांच्यात झाली असती तर काहीतरी अर्थ होता. २००६ मध्ये ओएसिसने आपल्या निवडक गाण्यांचा 'स्टॉप द क्लॉक्स' काढला, दोन सीडींचा ऐवज, त्यात 'रोल विथ इट' नाहीच. ज्या गाण्यासाठी अख्खा देश दोन गटांत वाटला गेला त्याला बँडनेच आपल्या निवडीतून वगळलं.

मतपत्रिका कशी होती

आता मुख्य भाग. चार्टचं मोजमाप सोपं होतं, दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की एक विक्री, एक विक्री म्हणजे एक मत. मत कोणी दिलं, का दिलं, याच्याशी चार्टला काही देणंघेणं नाही. आणि इथेच ब्लरच्या बाजूने डोकं चालवलं.

'कंट्री हाऊस'च्या सीडी दोन निघाल्या. मुख्य गाणं तेच, बी-साइड म्हणजे सोबतची जोडगाणी वेगळी. एकीवर फ्रेंच गायिका फ्रान्स्वाझ आर्दी हिच्याबरोबर गायलेलं 'टू दी एंड', दुसरीवर लंडनमधल्या माइल एंडच्या कार्यक्रमातली लाइव्ह गाणी. कट्टर फॅन काय करणार, दोन्ही घेणार. ओएसिसची सीडी एकच. शिवाय किंमत. ब्लरची १.९९ पाउंड आणि ओएसिसची ३.९९ पाउंड असे आकडे या आठवड्याबद्दल नेहमी दिले जातात. म्हणजे एका ओएसिसच्या पैशात ब्लरच्या दोन्ही सीडी येत होत्या, वर एक पेनी परत.

आता जरा हिशोब करू. फरक किती होता, ५८ हजार. समजा ब्लरच्या फॅनपैकी ५८ हजार जणांनी दोन्ही सीडी घेतल्या असतील, तर ब्लर घेणारी माणसं किती उरली? २ लाख १६ हजार. म्हणजे बरोबर ओएसिसएवढीच. बरोबरी व्हायला ब्लरच्या दर चार गिऱ्हाइकांपैकी एकापेक्षा थोड्या जास्त लोकांनी दोन्ही घेतलेल्या असायला हव्या होत्या. तसं खरंच झालं का हे आकड्यांवरून सांगता येत नाही, कारण बारकोड माणूस मोजत नाही. पण कट्टर फॅनची जात बघता ते अशक्य अजिबात वाटत नाही.

दुसरा हिशोब. मतं नगावर न मोजता पैशावर मोजली असती तर? त्या नेहमीच्या किमती सगळ्या विक्रीला लावल्या (कॅसेट आणि रेकॉर्डची किंमत वेगळी होती, त्यामुळे हा ढोबळ अंदाज आहे, कोर्टात टिकणार नाही) तर ब्लरचे साधारण ५ लाख ४५ हजार पाउंड होतात आणि ओएसिसचे ८ लाख ६२ हजार. म्हणजे ओएसिसच्या फॅनने आपल्या गाण्यासाठी जास्त पैसे मोजले, आणि जास्त पैसे मोजणं हे जास्त प्रेमाचं लक्षण धरलं तर निकाल उलटा. धरावं का हा वेगळा प्रश्न. पण बघा, तेच लोक, तीच दोन गाणी, तोच आठवडा, मोजपट्टी बदलली की विजेता बदलतो.

ओएसिसच्या बाजूने आणखी एक तक्रार होती, की त्यांच्या काही प्रतींवरचा बारकोड नीट वाचलाच जात नव्हता, त्यामुळे विक्री नोंदली गेली नाही. हरलेला उमेदवार ईव्हीएमवर बोट दाखवतो तसलाच प्रकार समजा, ५८ हजारांची दरी त्याने भरली असती असं मला वाटत नाही. दोन सीडींचा मुद्दा मात्र वजनदार आहे. आणि ब्लरने काही फसवाफसवी केली असंही नाही, दोन सीडी काढायची चाल तेव्हा सर्रास सगळे वापरायचे, नियमात बसत होती. नियम वाचून आलेला जिंकला, एवढंच.

बी-साइडवरून आणखी एक. 'रोल विथ इट'च्या सीडीवर मागे 'रॉकिंग चेअर' नावाचं गाणं आहे, शांत, जरा दमलेलं, आणि ओएसिसचे जुने फॅन तुम्हाला सांगतील की ते मुख्य गाण्यापेक्षा सरस आहे, मीही त्यातलाच. आता ज्याने त्या मागच्या गाण्यासाठी सीडी घेतली त्याचं मत कुणाला गेलं? 'रोल विथ इट'लाच. ज्याने फ्रान्स्वाझ आर्दीसाठी घेतली त्याचं 'कंट्री हाऊस'ला. आणि ज्याने शांतपणे दोन्ही बँडची एकेक सीडी घेतली, असेही असणारच, त्याची दोन मतं एकमेकांना खाऊन मोकळी झाली, तो या निवडणुकीत होता की नव्हता सारखंच.

जोडी लावली की तिसरा जातो कुठे

जोडीचा सगळ्यात मोठा घोटाळा मला हा वाटतो. दोनच नावं समोर ठेवली की बाकीचं सगळं दिसायचं बंद होतं. त्याच उन्हाळ्यात शेफिल्डच्या पल्पचं 'कॉमन पीपल' येऊन २ नंबरपर्यंत गेलेलं होतं. श्रीमंत घरची मुलगी गरिबी कशी असते ते अनुभवायला बघतेय, आणि तिला सांगणारा जार्विस कॉकर हळूहळू चिडत जातो, सुरुवातीला गप्पा मारल्यासारखं आणि शेवटी श्वास पुरत नाही अशा वेगात. वर्गाचा विषय, तोच जो ब्लर विरुद्ध ओएसिसच्या नावाखाली वर्तमानपत्रं उगाळत होती, दक्षिणेतले मध्यमवर्गीय विरुद्ध उत्तरेतले कामगार वगैरे, तो या गाण्यात सरळ समोर मांडलेला. पण त्याची तारीख कोणाशी टक्कर देत नव्हती, त्यामुळे हेवीवेट चॅम्पियनशिपमध्ये त्याचं नावच नाही. २०१४ मध्ये बीबीसीच्या सिक्स म्युझिक या रेडिओच्या श्रोत्यांनी ब्रिटपॉपमधलं, म्हणजे नव्वदीतल्या या ब्रिटिश बँडांच्या लाटेतलं, आवडतं गाणं निवडलं, यादीतून, जोडीतून नाही, तेव्हा पहिलं आलं 'कॉमन पीपल'.

जोडीचं गणित मुळातच वाकडं असतं हे फ्रान्समधल्या कोंदोर्से नावाच्या माणसाने १७८५ मध्येच दाखवून ठेवलंय, की बहुमताने पहिलं दुसऱ्याला हरवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिसरं परत पहिल्याला, आणि यात कोणीही खोटं मत दिलेलं नसतं. गाण्यांच्या बाद फेऱ्या लावणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असतंच, कुठल्या गाण्याची गाठ आधी कोणाशी पडली यावर फायनल ठरते. लोक मग म्हणतात ड्रॉ फिक्स आहे. बरेचदा ड्रॉ फिक्स नसतो, जोडीचा स्वभावच तसा.

आणि जोडी लावली की प्रश्नही बदलतो. कुठलं गाणं आवडलं हा प्रश्न बाजूला पडून तू कोणाचा हा प्रश्न उरतो. मँचेस्टरच्या पोराला 'कंट्री हाऊस' आवडलं असेलही, पण त्या आठवड्यात गावातल्या दुकानात ते हातात घेऊन गल्ल्यापाशी उभं राहायला छाती लागली असती. पुढे सप्टेंबरात तर नोएलने ऑब्झर्व्हरच्या मुलाखतीत डेमन आणि अ‍ॅलेक्सला एड्स व्हावा असं बोलून ठेवलं, मग माफी मागितली. चारेक मिनिटांच्या दोन गाण्यांवरून गोष्ट इथवर गेली.

आपल्याकडे असंच काही

आपल्याकडे गाण्यांची क्रमवारी म्हटलं की बिनाका गीतमाला, १९५२ पासून रेडिओ सिलोनवर, अमीन सायानींचा आवाज, कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. तिथेही मोजणीचा हाच त्रास होता, नुसती रेकॉर्डची विक्री धरली तर त्यात हेराफेरीला वाव, म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही धरायला लागले. म्हणजे ब्रिटनच्या चार्टला जे १९९५ मध्ये जमलं नाही, विकत घेणारा आणि ऐकणारा हे दोन वेगळे धरायचे, ते सायानींच्या मंडळींनी कधीच करून बघितलं होतं. परफेक्ट नसेल, पण रोग ओळखला होता.

दोन सीडींचा आपला अवतार म्हणजे एसएमएस. २००५ मध्ये पहिल्या इंडियन आयडलच्या फायनलला मुंबईचा अभिजीत सावंत आणि भिलाईचा अमित साना असे दोघे उरले, अभिजीत जिंकला, आणि त्या काळात एकेक घर किती एसएमएस टाकायचं हे ज्यांच्या घरी तेव्हा मोबाइलचं बिल येत होतं त्यांना विचारा. एक माणूस एक मत ही भानगडच नव्हती, जितका बॅलन्स तितकं मत. अभिजीत चांगला गायचा याबद्दल वाद नाही. पण मोजलं जात होतं ते वेगळंच.

जोडी चांगली कशी लावावी याचं माझं आवडतं उदाहरण मात्र मराठीतलंच आहे आणि ते वर आलंय, 'अप्सरा आली' आणि 'वाजले की बारा'. एकच सिनेमा 'नटरंग', एकच संगीतकार अजय-अतुल, एकच गीतकार गुरू ठाकूर, आणि दोन्हीकडे बेला शेंडे. सगळं सारखं ठेवल्यावर उरतं ते फक्त गाणं, एक सजूनधजून संथ ऐटीत येणारं, दुसरं घाईघाईने निघायला लागलेलं, आता जाऊ द्या म्हणणारं. इथे वाद घालायला खरंच काहीतरी आहे, ठेका, शब्द, कुठे थांबायचं, आवाज कुठे चढतो. तरीही पोल लावला की निम्मे लोक सोनाली कुलकर्णी आणि अमृता खानविलकर यांच्या नाचावर मत देऊन मोकळे होतात, त्याला इलाज नाही, फार तर व्हिडिओ न टाकता नुसता ऑडिओ टाकावा.

आणखी एक, चालू पोलचा आकडा दिसत असेल तर तो पोल गाण्याचा राहतच नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी १४ हजारांवर लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवून बघितलं. काही गटांना आधीच्या लोकांनी काय डाउनलोड केलंय ते दिसत होतं, एका गटाला काहीच दिसत नव्हतं. जिथे आकडे दिसत होते तिथे वरची गाणी आणखी वर गेली आणि खालची आणखी खाली, वर गंमत म्हणजे वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी डोक्यावर बसली. फार चांगलं गाणं सहसा अगदी तळाला जात नव्हतं आणि फार वाईट सहसा वर येत नव्हतं, पण मधल्यांचं काहीही होत होतं. 'कंट्री हाऊस' आणि 'रोल विथ इट' मला त्या मधल्यांतली वाटतात.

पुढे काय झालं

ब्लरचा अल्बम 'द ग्रेट एस्केप' सप्टेंबरात आला, तोही १ नंबरवर गेला. ऑक्टोबरच्या २ तारखेला ओएसिसचा 'व्हॉट्स द स्टोरी मॉर्निंग ग्लोरी' आला आणि सगळा हिशोबच पुसून टाकला, ब्रिटनच्या इतिहासात सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांत तो आजही आहे. त्यातलं 'वंडरवॉल' जगभर गेलं, आपल्याकडे गिटार शिकायला लागलेल्या प्रत्येक पोराने वाजवलं, आणि गंमत अशी की ब्रिटनच्या चार्टवर ते २ नंबरच्या वर कधी गेलंच नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये, त्या आठवड्याला वर्ष होत आलेलं असताना, ओएसिसने नेबवर्थला लागोपाठ दोन रात्री प्रत्येकी सव्वा लाख लोकांसमोर वाजवलं. ब्लरने तोपर्यंत ठरवून टाकलं की हे असलं गाणं आता पुरे, आणि १९९७ चा अल्बम त्यांनी एकदम वेगळा, खरखरीत केला, त्यातलं 'साँग २' तुम्ही नाव माहीत नसतानाही कुठल्या ना कुठल्या स्टेडियमच्या स्पीकरवर ऐकलेलं असणार. त्या हरलेल्या-जिंकलेल्या आठवड्याचा या दोघांपैकी कोणाच्याच सर्वात चांगल्या कामाशी संबंध लागत नाही.

२०१३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कॅन्सर झालेल्या तरुण मुलांसाठीच्या एका कार्यक्रमात नोएल, डेमन आणि ग्रॅहम कॉक्सन एकत्र स्टेजवर आले, ड्रम्सवर पॉल वेलर, आणि त्यांनी ब्लरचं 'टेंडर' वाजवलं. 'कंट्री हाऊस' नाही, 'रोल विथ इट'ही नाही. २०१७ मध्ये डेमनच्या गोरिलाझ या दुसऱ्या बँडच्या एका गाण्यात नोएल गायलाही. २०२३ मध्ये ब्लर वेम्बलीला वाजवून आलं, २०२५ मध्ये ४ जुलैला कार्डिफमधून ओएसिसचा पुनर्मीलन दौरा सुरू झाला, आणि दोघांनीही आपापलं ते गाणं यादीत घेतलं होतं. मात्र कुठे, तर मध्येच कुठेतरी, चांगली जमलेली दोन गाणी संपल्यावर आणि मोठी यायच्या आधी. शेवटाला ठेवायचा मान ओएसिसच्या दौऱ्यात 'शॅम्पेन सुपरनोव्हा'ला होता, ज्याची ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून कधी मतमोजणी झालीच नाही.